मुदत संपलेले मेंबर

आमच्या भावोजींना गल्लीत सगळे मेंबर म्हणतात. कशाचे मेंबर, हे निम्म्या गल्लीला माहीत नाही. आणि उरलेल्या निम्म्या गल्लीला माहीत आहे म्हणून ती हसते. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, कधी हसली नाही. तिला वेळच नव्हता. दुकान तिला चालवायचं होतं.

पाटीवर नाव भावोजींचं. गाद्या, उशा आणि पडदे. पण गादीत कापूस किती भरायचा, कुठल्या खिडकीला अस्तर हवं, चुणी किती बोटांवर घ्यायची, हे सगळं ताईच्या हातात. भावोजी माप घ्यायला बरोबर जात. त्यांचं माप घेणं म्हणजे टेपचं एक टोक धरून उभं राहायचं आणि घरमालकाशी राज्याच्या परिस्थितीवर बोलायचं. ते एकटे गेले की पडदा एकतर जमिनीवर लोळे, नाहीतर गुडघ्याशी येऊन थांबे.

बारा वर्षांपूर्वी राज्यपालांच्या बंगल्यातल्या पाहुण्यांच्या खोल्यांचं काम दुकानाला मिळालं. ताई शिडीवर चढलेली, भावोजी खाली टेप धरून. त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाशी राज्यपालांचे सचिव कपाळाला हात लावून बसले होते. आपल्याला वाटतं, राज्यपाल म्हणजे मोठमोठे निर्णय घेत असतील. त्यांचा अर्धा जन्म माणसं नेमण्यात जातो. राज्यात मंडळं आणि आयोग मिळून साठ-सत्तर, आणि प्रत्येकावर कोण बसणार ते राज्यपालांच्या सहीनं ठरतं. वीज, बंदर, विद्यापीठ अशा ठिकाणी बसायला लोक उंबरठे झिजवतात. पण विहिरी खोदणाऱ्यांचं मंडळ, लिलाव पुकारणाऱ्यांचं मंडळ, यांवर बसायला कोणी तयार नसतं. पत्त्यांच्या डावाला चौथा गडी हुडकावा तशी तिथं माणसं हुडकावी लागतात.

त्या दिवशी सचिवांचं अडलं होतं ते दातांच्या कवळ्या करणाऱ्यांना परवाने देणाऱ्या मंडळापाशी. पाच जणांचं मंडळ. चार जण धंद्यातले, आणि पाचवा जनतेचा प्रतिनिधी. या पाचव्याची कायद्यात एकच पात्रता लिहिलेली होती: दातांच्या धंद्याशी त्याचा काडीचाही संबंध नसावा.

सचिवांनी मान वर केली. "अहो पडदेवाले, तुमचा दातांशी काही संबंध?"

"नाही साहेब," भावोजी म्हणाले. "गेल्याच वर्षी सगळे काढून टाकले."

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ती काही बोलू शकली नाही. आठ दिवसांनी जाड कागदावर, ठळक शिक्का मारलेलं पत्र घरी आलं. काही येत नाही म्हणून सरकारनं सन्मानानं बोलावलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नेमणूक तीन वर्षांची होती. तीन वर्षं भावोजींनी काय केलं ते मी सांगू शकते, कारण ते फार नाही. दर तीन महिन्यांनी बैठक. आदल्या दिवशी कोटाला इस्त्री. मंडळाकडून आलेला कागदांचा गठ्ठा ते ताईसमोर ठेवत आणि म्हणत, "वाच." ताई पडद्याला दुमड घालता घालता वाचे, आणि भावोजी डोळे मिटून ऐकत. थोड्या वेळानं नुसतेच डोळे मिटत. बैठकीत त्यांचा एकच प्रश्न ठरलेला होता. कुठलाही विषय निघो, ते घसा साफ करून विचारत, "यात जनतेचं हित काय?" मंडळाचा कारकून ते लिहून घेई. त्यापुढे उत्तर लिहायची कधी वेळ आली नाही.

तीन वर्षं संपली. नवीन माणूस कोणी नेमला नाही. आणि कायद्यात असंही लिहिलेलं होतं, की नवा येईपर्यंत जुन्यानं खुर्ची सोडू नये. झालं! त्या एका ओळीवर भावोजी आणखी नऊ वर्षं बसले.

या नऊ वर्षांत त्यांच्या स्वभावात जो बदल झाला, तो बघण्यासारखा होता. पद मिळालेला माणूस वरच्यांच्या नजरेत भरायला धडपडतो. भावोजी वरच्यांच्या नजरेतून निसटायला धडपडू लागले. राज्यपालांना आपली आठवण झाली की आपण संपलो, हे त्यांना पक्कं कळलं होतं. दरवर्षी बंगल्यावरून एक छापील अर्ज येई: आपलं नाव, मंडळ, मुदत कधी संपते. तो अर्ज भावोजी दुकानातल्या नमुन्याच्या गादीखाली सरकवत. गिऱ्हाईकं येऊन त्यावर बसत, उड्या मारून बघत आणि म्हणत, "मऊ आहे हो." मधे तीन राज्यपाल बदलले. प्रत्येक बदलाला भावोजींचं जेवण दोन महिने कमी होई. एकदा नवे राज्यपाल समोरच्या पुलाचं उद्घाटन करायला येणार होते, तर सगळी गल्ली नटूनथटून फुटपाथवर आणि आमच्या भावोजींनी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं.

"अहो, गिऱ्हाईक परत जातंय," ताई म्हणाली.

"जाऊ दे. साहेबांनी वळून पाहिलं म्हणजे?"

"तुम्हाला ओळखतात कुठे ते?"

"तेच तर टिकवायचंय!"

एवढं असूनही रुबाब मात्र पूर्ण. दारावर 'सदस्य, राज्य मंडळ' अशी पितळी पाटी. कशाचं मंडळ ते पाटीवर मावलं नाही, असं ते सांगत.

त्यांची सून आली ती सहा वर्षांपूर्वी. मुलगा दुकानाची गाडी चालवतो, शब्दाला महाग आहे, बापासमोर तर मुकाच. सून तशी नव्हती. ती आली तेव्हा एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कामाला होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. सकाळी नऊपासून ती प्लास्टरचे साचे ओतायची, मेण तापवून हिरड्यांचा आकार काढायची, त्यात एकेक दात टोचून बसवायची, मग घासकामाच्या चाकावर सगळं गुळगुळीत करायची. संध्याकाळी तिच्या भुवयांवर पांढरी धूळ असे. पुढच्या खोलीत डॉक्टर तिची कवळी माणसाच्या तोंडात बसवत आणि कौतुक स्वतः घेत. तोंड कोणाचं आहे ते तिला कधी बघायला मिळत नसे. कवळी बोचते म्हणून माणूस परत आला, की डॉक्टर पुढच्या खोलीतून ओरडून सांगत, "डावीकडे घास!" डावीकडे म्हणजे नेमकं कुठे, ते ती अंदाजानं ठरवायची.

"आई, न बघता चोळी शिवायला सांगितल्यासारखं आहे हे," ती ताईला म्हणायची. ताईला हे बरोबर कळे. दोघींचं त्यावरूनच जमलं. भावोजींची पहिली कवळी बोलताना टकटक वाजायची. सुनेनं लग्नानंतर वर्षभरात त्यांना नवीन करून दिली. तेव्हापासून ते सफरचंद न कापता खातात.

परवाना मिळाला असता तर सून स्वतः माणसं तपासू शकली असती. त्यासाठी ती दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला गेली, परीक्षा दिली, राज्यात चौथी आली. वहीकागदाच्या दुकानावरची एक खोली बघून ठेवली, जुनी पण धडधाकट खुर्ची मिळवली. आता एकच गोष्ट उरली होती: मंडळानं तिला बोलावून चार प्रश्न विचारायचे आणि सही करायची. परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. तेवढ्यात सही झाली नाही तर परीक्षा पुन्हा, आणि परवानाधारकाच्या हाताखाली सहाशे तास पुन्हा.

मंडळ होतं सासऱ्यांचं. लोक म्हणाले, हिचं तर घरचंच काम.

तोवर मंडळातले धंद्यातले दोघे गळले होते. एक वारला, एक परदेशी मुलाकडे गेला. उरले दोघे आणि भावोजी. बैठक भरायला तीन माणसं लागतात. सुनेचा कागद निघाला तेव्हा भावोजी उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "ही माझी सून आहे. नियमानुसार मी बाजूला होतो." बारा वर्षांत जनतेच्या हिताखेरीज त्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य. कारकुनानं बोटांवर मोजलं आणि सांगितलं, "मग दोनच उरले. विषय पुढच्या बैठकीत."

त्या दिवशी घरी आले ते छाती फुगवून. "नोंद झाली आहे," त्यांनी सांगितलं. "शब्दशः."

पुढच्या बैठकीत पुन्हा बाजूला झाले. पुन्हा नोंद झाली. मग आणखी दोनदा. सुनेच्या निकालाची मुदत संपायला सात महिने उरले, मग चार. आता मुदतीच्या आत एकच बैठक होती.

रिकाम्या दोन खुर्च्या भरल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या धंद्यातल्यांच्या. त्यांच्यासाठी कवळी-कारागिरांच्या संघटनेनं नावं पाठवायची असतात, आणि संघटना तीन वर्षं आपापसांत कोर्टात भांडत होती. राज्यपालांना कोणालाही न विचारता, मनात आलं तर एका दिवसात भरता येईल अशी खुर्ची एकच होती. तिच्यावर भावोजी बसले होते.

हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. एका रविवारी दुपारी मीही जेवायला होते, तेव्हा सुनेनं विषय काढला.

"बाबा, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही राज्यपालांना दोन ओळी लिहिल्या, माझी मुदत संपली आहे, दुसरं कोणी नेमा, तर?"

भावोजींनी सफरचंदाचा मोठा घास घेतला. तो नीट चावून होईपर्यंत सगळे थांबलो. "तुला वाटतं तितकं सोपं नसतं ते. मी गेलो तर तिथं जनतेचं कोण?"

"जो नवा येईल तो."

"अनुभव? बारा वर्षांचा अनुभव कुठून आणेल?"

"अनुभव नसलेलाच माणूस हवा असतो ना तिथं?" मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा हो. मेव्हणीला नियम कळत नाहीत." मग सुनेकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाले, "हे बघ, पोरी. उद्या लोक म्हणतील, सुनेच्या परवान्यासाठी मेंबरनं हालचाल केली. मला माझ्या नावाला डाग नको. तू तरुण आहेस, परीक्षा पुन्हा दे. पहिली आलीस तर मलाही सांगायला बरं."

मुलगा ताटात बघत होता. सून उठली आणि पाण्याचा तांब्या भरलेला असताना पुन्हा भरायला गेली. भावोजींनी दुसरं सफरचंद उचललं. तिच्याच हातच्या दातांनी ते तिला नियम चावून सांगत होते, आणि दात इतके नेमके बसले होते की एक शब्द अडखळला नाही.

 ताईनं टेबलावरचा चुरा हातानं गोळा केला. मंगळवारी सकाळी मला फोन आला, "कामाला सुट्टी टाक. मला एका ठिकाणी जायचंय, एकटीला नको वाटतंय."

आम्ही राज्यपालांच्या कार्यालयात गेलो. बंगल्याच्या मागच्या अंगाला एक लांबट इमारत, त्यात दुसऱ्या मजल्यावर 'नेमणुका' अशी पाटी. बाकावर आमच्या आधी सात जण होते. प्रत्येकाच्या हातात फाइल, आणि फाइलीत आपणच कसे लायक याचे पुरावे. एक गृहस्थ दोन तास कुक्कुटपालन आयोगाबद्दल बोलत होते. ताईच्या हातात काहीच नव्हतं. पर्स आणि गळ्यात विसरलेला टेप.

आतल्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. "कुठल्या मंडळासाठी अर्ज?"

"अर्ज नाही. एका खुर्चीची मुदत संपली आहे, ते सांगायला आले."

बाईंनी रजिस्टर काढलं. बोट फिरवत त्या ओळीशी आल्या. "कवळी-कारागीर. जनतेचा प्रतिनिधी. इथं 'भरलेली' असं आहे."

"भरलेलीच आहे. पण तीन वर्षांसाठी भरली होती. त्याला बारा झाली."

"दरवर्षी आम्ही अर्ज पाठवतो. उत्तर आलं नाही म्हणजे बदल नाही, असं धरतो." बाई थांबल्या. स्वतःचंच वाक्य त्यांना बरं वाटलं नसावं. "तुमची तक्रार आहे का त्यांच्याबद्दल? पैसे वगैरे मागितले?"

"छे हो. ते काहीच करत नाहीत. तक्रार करण्यासारखं काही नाही."

"मग तुमचं काय अडलंय?"

ताईनं सांगितलं. ओळीनं, पडद्याचं माप सांगावं तसं: मंडळ किती जणांचं, बैठकीला किती लागतात, कोण वारला, कोण गेला, संघटनेचं भांडण, सुनेच्या निकालाची शेवटची तारीख. कायद्याची कलमंसुद्धा सांगितली. बारा वर्षं गठ्ठे तिनंच वाचले होते. बाई लिहून घेऊ लागल्या.

"आणि त्या मेंबरांचं नि तुमचं नातं?"

"नवरा आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला तिथं असल्याचा संकोच वाटला.

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"अहो, पण सून तुमची. मग हे काम तुमच्या फायद्याचंच झालं."

"आहेच फायद्याचं," ताई म्हणाली. "लपवत नाही. तिला पास करा असं मी म्हणतच नाही. तिला समोर बोलवा आणि विचारा एवढंच. येत नसेल तर काढा बाहेर."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "मग एखादं नावही सुचवा. कवळ्यांशी संबंध नसलेलं, बैठकीला येणारं माणूस. मला तरी कुठे मिळणार आहे?"

इथं मी ताईला कोपरानं ढोसलं. गल्लीत दहा नावं होती, आमच्या शब्दाबाहेर न जाणारी. ताईनं माझा हात बाजूला केला. "ते तुमचं काम. मी नाव दिलं तर मग माझ्यात आणि बाहेरच्या बाकावरच्यांत फरक काय राहिला?"

परतताना बसमध्ये ती एकदाच बोलली. "नऊ वर्षं मी ते अर्ज गादीखाली बघत होते. झाडताना. तेव्हा सांगितलं असतं तर निदान हिमतीचं झालं असतं. आता गरजेचं झालं."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तोच जाड कागद. भावोजींनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग ताईला म्हणाले, "वाच." राज्यपालांनी त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार मानले होते आणि त्यांच्या जागी एका निवृत्त पोस्टमास्तरीण बाईंची नेमणूक केली होती.

दोन दिवस भावोजी अंथरुणातून उठले नाहीत. कोणी चहाडी केली याचा त्यांनी पडल्या पडल्या तपास केला. कारकुनावर संशय घेतला, संघटनेवर घेतला, पुलाच्या उद्घाटनाला दिसलेल्या एका पोलिसावर घेतला. माझ्यावरही एकदा घेतला, पण मला नियम कळत नाहीत हे आठवून सोडून दिला. ताईवर घेतला नाही. जी बाई इतकी वर्षं कायदा वाचून दाखवत होती, तिच्या डोक्यात तो शिरत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. 'आपल्या अनुभवाचा राज्याला यापुढेही उपयोग होईल, अशी आशा आहे,' हे शेवटचं वाक्य त्यांना सापडलं. असल्या प्रत्येक पत्रात ते छापलेलं असतं. भावोजी उठले, आंघोळ केली आणि घरात सांगून टाकलं की आपल्याला वर घेणार आहेत. बहुतेक बंदराच्या मंडळावर.

बैठक मुदतीच्या अकरा दिवस आधी झाली. सुनेला वीस मिनिटं बसवून घेतलं. धंद्यातल्या दोघांनी साचे आणि मेण याबद्दल विचारलं. पोस्टमास्तरीण बाई शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला यातलं कळत नाही. पण कवळी बोचली, तर म्हाताऱ्या माणसानं तुमचे जिने किती वेळा चढायचे?"

"बसेपर्यंत," सून म्हणाली. "पण दुसऱ्या वेळेपासून मी त्यांच्या घरी जाईन."

"हे लिहून घ्या," बाईंनी कारकुनाला सांगितलं. आणि सही केली.

वहीकागदाच्या दुकानावरची खोली सुरू होऊन आता चार महिने झालेत. आत सून, बाहेर चार खुर्च्यांची बसायची जागा. खिडकीला ताईनं शिवलेला पडदा, जमिनीपासून बरोबर दोन बोटं वर. त्या चार खुर्च्यांतली एक भावोजींनी अडवलेली आहे. ते रोज सकाळी कोट घालून तिथं जातात आणि वाट बघणाऱ्यांना गोष्ट सांगतात.

परवा मी कामावर जाताना डोकावले. ताई पडद्याची निसटलेली दुमड घालत होती. दोन म्हातारे आणि एक आजीबाई बसलेल्या, तिघांच्या तोंडाचं बोळकं, आणि भावोजी रंगात आलेले.

"तर मी म्हटलं, राज्यपालसाहेब, माझी खुर्ची काढून घ्या. बारा वर्षांची खुर्ची! पण सुनेच्या आड मी येणार नाही. ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केला."

"आजकाल कोण सोडतो हो खुर्ची?" आजीबाई म्हणाल्या.

ताईनं सुई पडद्याला टोचून ठेवली आणि वळली. "अहो, तुम्ही सोडली नाहीत. मी जाऊन सांगून आले. नेमणुकांच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर. म्हणून तुम्हाला काढलं."

आतलं घासकामाचं चाक बंद झालं. सुनेनं दार थोडं उघडलं होतं. मी जिन्याशी उभी. मला वाटलं, आता हा माणूस एकदा तरी बघेल, समोर कोण उभं आहे ते.

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्यांकडे वळले आणि मोकळं हसले, सगळे दात दिसतील असं. "बायको आहे माझी. थट्टेखोर फार."

तिघंही हसले. ताईनं सुई काढली आणि उरलेली दुमड पुरी करायला घेतली. कडेचा म्हातारा खुर्ची ओढून भावोजींच्या जवळ सरकला. "मेंबरसाहेब, माझ्या भाच्याला कुठल्यातरी मंडळावर चिकटवता येईल का हो? हुशार आहे. रिकामाच बसलेला असतो."

"काय येतं त्याला?"

"तसं काही नाही."

भावोजींनी कोटाच्या खिशातून पेन काढलं. "नाव सांगा," ते म्हणाले. "माझा शब्द आहे तिथं."

"पुढचं कोण?" सुनेनं आतून हाक मारली. म्हाताऱ्याचाच नंबर होता. पण तो भाच्याचं नाव सांगत होता, म्हणून आजीबाई उठल्या.